प्लगपाशी बसणारे मल्लेशमअण्णा

मल्लेशमअण्णांची आणि माझी ओळख भांडणाने झाली, आणि भांडण मीच काढलं होतं.

सोलापुरात होटगी रोडवरच्या रफिकभाईंच्या गॅरेजमध्ये मी काउंटरवर नवीन लागले होते. त्याआधी चादरींच्या दुकानात होते. तिथलं गिऱ्हाईक चादर उलगडून बघतं, नाक मुरडतं आणि जातं. गॅरेजमधलं गिऱ्हाईक घरूनच चिडून येतं, हे मला पहिल्या दोन दिवसांत कळलं. त्यात माझा मोबाइल उतरला. चार्जिंगला लावावा म्हणून आतल्या भिंतीवरच्या बोर्डाकडे गेले, तर बोर्डाला पाठ लावून एक माणूस लाकडी स्टुलावर बसलेला. पांढरा शर्ट, कपाळाला कुंकवाची बारीक उभी रेघ, दोन्ही हात गुडघ्यांवर. समोर एक गाडी बॉनेट उघडं टाकून उभी होती. तो माणूस काही म्हणजे काही करत नव्हता.

मी म्हटलं, जरा सरकता का. तो म्हणाला, न्हाय. मी म्हटलं, अहो, चार्जर लावायचाय, मागे दोन पॉइंट रिकामे दिसतायत. त्यावर शांतपणे, "रिकामेच ऱ्हाऊ दे, अक्का. अर्धा तास."

मला राग आधी येतो आणि त्याचं कारण नंतर सापडतं, असं माझा नवरा म्हणतो. मी जे बोलायचं ते बोलले. स्टुलावर नुसतं बसून पगार मिळत असेल तर मलाही एक स्टूल द्या, इथपर्यंत बोलले. अण्णा हलले नाहीत. शेवटी रफिकभाई केबिनमधून बाहेर आले आणि हलक्या आवाजात म्हणाले, "अन्ना को नक्को छेडो, बाई. वो काम कर रहे हैं."

ते काम कसलं, हे समजायला मला महिना लागला. मला समजलं तसं सांगते. आजकालच्या गाडीत इंजिनाइतकंच महत्त्वाचं एक डबडं असतं. गाडीचा कॉम्प्युटर म्हणा. ते बदललं, किंवा त्यातला मजकूर नवा करायचा असला, की लॅपटॉप जोडून प्रोग्रॅमिंग करतात. त्या वेळी इंजिन बंद असतं आणि किल्ली मात्र चालू. म्हणजे बॅटरीतून करंट जातोय आणि भरणारं कुणी नाही. डबड्यातलं जुनं आधी पुसलं जातं, मग नवं लिहिलं जातं. नेमकी त्याच वेळी बॅटरी खाली आली, तर जुनंही गेलेलं असतं आणि नवंही अर्धवट. मग ती गाडी ढकलून बाजूला लावायची आणि पुण्याहून दुसरं डबडं येईपर्यंत हात चोळत बसायचं. तसं होऊ नये म्हणून एक सपोर्ट चार्जर असतो. आमच्याकडे तो निळ्या पेटीसारखा होता. एक वायर भिंतीच्या प्लगला, दोन चिमटे बॅटरीला. बॅटरीतून जेवढं जाईल तेवढं तो भरत राहतो.

आता हे काम गावातली बाकीची गॅरेजंही करतात. चार्जर लावतात, लॅपटॉपवर बोट मारतात आणि चहा प्यायला जातात. अण्णांचं तसं नव्हतं. अण्णांचं आधी एसी बंद, दिवे बंद, गाणी बंद, सगळी दारं लागलीत का ते एकेक ओढून बघायचं. मग दाराच्या मुठीला लाल फडकं बांधायचं. किल्ली चालू केली की गिऱ्हाइकाला समोरच्या टपरीवर चहाला पाठवायचं आणि टपरीवाल्याला खुणेनं सांगायचं की यांना लवकर सोडू नको. बॅटरीवर मीटर लावायचा, आकडा बघायचा, तोंडातल्या तोंडात तेलुगूत काहीतरी म्हणायचं. आणि मग स्टूल ओढून प्लगपाशी बसायचं. लाइट गेली तर इन्व्हर्टरवर काम चालावं, म्हणून रफिकभाईंच्या मागे लागून त्यांनी खास त्या एका पॉइंटला इन्व्हर्टर जोडून घेतला होता. तरीही बसायचे. कुणी तो प्लग काढेल, कुणाचा पाय वायरीत अडकेल, या भीतीने माणूस बोर्डाला पाठ लावून बसलेला.

एकदा बसले की उठायचे नाहीत. आधीच मोरीकडे जाऊन यायचे, आणि जाताना सगळ्या गॅरेजला सांगून जायचे, त्यात त्यांना काही वाटायचं नाही. मोबाइल माझ्याकडे देऊन ठेवायचे. त्यांच्या बायकोचा फोन आला की मीच घ्यायची. तेलुगूत "कामात आहेत" एवढं एकच वाक्य मला येतं, ते त्यामुळे. ती माउली पलीकडून पाच मिनिटं बोलायची, मी ते वाक्य म्हणायची, ती आणखी पाच मिनिटं बोलायची. पुढे पुढे आमची चांगली मैत्री झाली.

अण्णा सोलापूरच्या पूर्व भागातले, तेलुगू विणकरांपैकी, पद्मशाली. वडील यंत्रमागावर होते. मराठी बोलताना बॅटरी कधी "तो" व्हायची, कधी "ती". आम्ही हसलो तर तेही हसायचे. पण एका गोष्टीत त्यांच्याशी थट्टा चालायची नाही. गिऱ्हाईक आलं की त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला, "घाई हाय का?" बिचारं गिऱ्हाईक खरं बोलायचं. हो अण्णा, जरा लवकर करा, पुण्याला निघायचंय. झालं. अण्णा हात पुसून मोकळे. "घाई हाय तर उद्या या. घाईत मी करत न्हाय." किती गिऱ्हाइकं त्या एका प्रश्नापायी परत गेली असतील! मी काउंटरवर बसून ती जाताना बघायची आणि दात खायची. मग मीच लोकांना दारातच शिकवून ठेवायला लागले की आत गेलात की म्हणायचं, काही घाई नाही, सावकाश होऊ द्या.

एकदा एक बिल्डर आला. कडक इस्त्री, हातात दोन फोन, गाडी एवढी मोठी की आमच्या फाटकातून आरसे मिटून आत घ्यावी लागली. घाई नाही, असं मी पढवलेलं त्याने नीट म्हटलं. टपरीवर मात्र त्याचं मन रमेना. रस्त्यावरून डंपर जात होते, धूळ उडत होती, आणि ड्रायव्हरच्या बाजूची काच अर्धी खाली राहिली होती. नवीन सीट खराब होतील म्हणून तो आला, लाल फडकं बाजूला करून आत हात घातला आणि काचेच्या बटणावर बोट ठेवणार, एवढ्यात अण्णा ओरडले. त्या एकाच वेळी मी त्यांना ओरडताना ऐकलं. स्टुलावरून उठले नाहीत, पण असे ओरडले की तो माणूस हात भाजल्यासारखा मागे आला.

नंतर व्हायचं ते झालं. मी कोण आहे माहीत आहे का, वगैरे. रफिकभाईंनी हात जोडले. मीही त्या दिवशी गिऱ्हाइकाच्या बाजूने होते. गाडी गेल्यावर अण्णांना म्हटलं, एवढं मोठं इंजिन चालवणारी बॅटरी आणि एक काच वर करायला तिला काय धाड भरते?  दुसऱ्या दिवशी दुपारी अण्णांनी मला हाक मारली. एक जुनी गाडी उभी होती, चार्जर न लावता, किल्ली चालू करून. मीटरचे चिमटे बॅटरीला लावले आणि मीटर माझ्या हातात दिला. "बघा." आणि आत हात घालून काचेचं बटण दाबलं. मोटर घुंऽऽ करत काच वर न्यायला लागली, आणि माझ्या हातातला आकडा घसरला. काच वर जाऊन थांबली तसा आकडा पुन्हा चढला, पण पहिल्या जागी पोचला नाही.

"बॅटरी तगडा असेल, चार्जर असेल, तर काय होत न्हाय," अण्णा म्हणाले. "थकलेला असेल तर एवढं बस होतं. काच बी वर करायची न्हाय, अक्का. काच बी न्हाय."

मी मीटर परत दिला. मला पटलं होतं, पण तसं म्हणाले नाही.

अण्णांचं आणखी एक कोडं होतं. सुट्टीच्या दिवशी ते अधूनमधून एसटीने टेंभुर्णीला जायचे. सकाळी जायचे, दुपारी परत. टेंभुर्णीला तेलुगू लोकांचं काय असणार? शेतीबाजार, ट्रकची वर्दळ, पुण्याच्या रस्त्यावरचा चौक. त्यांच्या बायकोने एकदा फोनवर मोडक्यातोडक्या मराठीत मलाच विचारलं की हे तिथे कुणाकडे जातात. मला काय माहीत! अण्णांना विचारलं तर म्हणाले, चौकात चहा पितो आणि परत येतो. सोलापुरात चहा मिळत नाही का, म्हटलं. मिळतो की, म्हणाले. मी आपली समजले की माणूस जरा विचित्र आहे, आणि त्यावर एकदोनदा सगळ्यांदेखत थट्टाही केली. अण्णा तेव्हाही हसले होते. आता ते हसू आठवलं की मला जेवण जात नाही.

कारण नंतर एका खंडेनवमीला, म्हणजे दसऱ्याच्या आदल्या दिवशी, रफिकभाईंनी मला सगळं सांगितलं.

आमच्या गॅरेजमध्ये खंडेनवमी जोरात होते. जागेचे मालक रफिकभाई, पूजा करणारे अण्णा, आणि नारळ फोडण्याचा मान रफिकभाईंचा, अशी पद्धत. सगळी हत्यारं धुऊन पुसून सतरंजीवर मांडतात. जॅक, पाने, ग्राइंडर, मीटर, लॅपटॉपसुद्धा. हळदकुंकू, झेंडू, उसाचं कांडं. मी पहिल्यांदाच बघत होते आणि माझ्या लक्षात आलं की निळा चार्जर पूजेत नाही. तो भिंतीपाशी होता. प्लगला लावलेला, चिमटे गुंडाळलेले, अंगावर एक पाकळी नाही. मी हौसेने हळदकुंकवाची वाटी घेऊन तिकडे निघाले, तर रफिकभाईंनी मला बाजूला घेतलं.

मी लागायच्या काही वर्षं आधीची गोष्ट. तीही खंडेनवमीच. टेंभुर्णीजवळच्या एका खेड्यातला दत्ता माने म्हणून भाड्याने गाडी चालवणारा माणूस होता, त्याची गाडी आदल्या दिवसापासून गॅरेजला होती. डबडं बदलून झालं होतं, फक्त प्रोग्रॅमिंग राहिलं होतं. तो सकाळीच येऊन बसला. घरी वडिलांच्या हाताला मुंग्या येत होत्या, बोलताना जीभ जड होत होती, आणि संध्याकाळी त्यांना कुर्डुवाडीच्या डॉक्टरांकडे न्यायचं होतं. गाडी आजच पाहिजे. तो अगदी अण्णांच्या पाया पडण्यापर्यंत आला म्हणे.

चार्जर पूजेत बसलेला. अण्णांनी स्वतःच्या हाताने त्याला कुंकू लावलेलं. त्यांच्या घरी माग पुजला की दुसऱ्या दिवसापर्यंत त्याला हात लावायचा नाही. वडिलांनी कधी पूजेतला मागाचा धोटा उचलला नव्हता, मालकाने ओव्हरटाइम दुप्पट देतो म्हटलं तरी. रफिकभाई म्हणाले होते, अण्णा, एक तर चार्जर उचल, नाही तर त्याला उद्या ये म्हण. अण्णांना दोन्ही जमेना. पूजा मोडवेना आणि माणसाला नाही म्हणवेना. म्हणून त्यांनी तिसरंच केलं. लॅपटॉप आणि मीटर तेवढे त्या वर्षी पूजेत नव्हते, त्यामुळे मीटर लावून बघितला, आकडा बरा दिसला, आणि गाडीच्या बॅटरीच्या भरवशावर काम सुरू केलं. आत पूजा मांडलेली म्हणून गाडी बाहेर, आवारात. शेजारी दसऱ्यासाठी ट्रक धुणं चाललं होतं. पाइपाचे तुषार इकडे यायला लागले. लॅपटॉप भिजू नये म्हणून अण्णा उठून त्या लोकांना पाइप तिकडे धरा असं सांगायला गेले. परत आले तर स्क्रीनवरची रेघ अर्ध्यावर येऊन थांबली होती. ती पुढे सरकलीच नाही.

दत्ता माने सगळ्यांसमोर अण्णांना नाही नाही ते बोलला आणि एसटीने गावी गेला. त्या रात्री त्याच्या वडिलांना झटका आला. दुसरी गाडी मिळेपर्यंत उजाडलं. म्हातारा वाचला, पण उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. दत्ता माने नंतर भावाला पाठवून गाडी घेऊन गेला. स्वतः आला नाही.

"तब से अन्ना उठते नहीं," रफिकभाई म्हणाले.

मी हळदकुंकवाची वाटी जागेवर ठेवली. टेंभुर्णीचा चहा मला तेव्हा कळला. हा माणूस दर काही महिन्यांनी त्या चौकापर्यंत जात होता, पुढे खेड्याकडे जाणाऱ्या जीपकडे बघत होता, आणि धीर न होऊन परतीच्या एसटीत बसत होता. आणि मी त्याला विचारत होते, सोलापुरात चहा मिळत नाही का. मला माझ्या जिभेची इतकी लाज कधी वाटली नव्हती.

अण्णांशी मी त्यावर एकदाच बोलले. म्हटलं, डॉक्टरकडे नेलं असतं तरी झटका यायचा तो आला असता, कोण सांगतं? अण्णा म्हणाले, "आला असता. पण दारात गाडी असता की." 

मग मागच्या वर्षी, दसरा तोंडावर आला असताना, एक माणूस काउंटरशी येऊन उभा राहिला. चाळिशीचा, डोक्यावर नुकतेच फुटलेले बारीक केस, म्हणजे घरात काहीतरी होऊन गेलेलं. अण्णा हायत का, म्हणाला. अण्णा आत स्टुलावर होते, एका गाडीचं काम चालू होतं. मी म्हटलं, आहेत, पण अर्धा तास उठणार नाहीत, बसा. नाव विचारलं. "दत्तात्रय माने. टेंभुर्णीकडचा."

 मी आत बघितलं. अण्णांनी त्याला बघितलं होतं. त्यांचा चेहरा पार उतरला होता, पण ते उठले नाहीत. गाडी दुसऱ्या कुणाची तरी होती, रेघ अर्ध्यावर होती, आणि ते प्लगपाशी बसून राहिले.

दत्ता माने बाकावर टेकला. पाणी दिलं ते पिऊन टाकलं. मग माझ्याकडे न बघता सांगायला लागला. वडील गेले. दिवसवार झाले. ते होते तोवर यायला तोंड नव्हतं. मला वाटलं, हा अजून भांडायलाच आलाय, आणि मी कंबर कसली. पण तो म्हणाला की त्या दिवशी गाडीच्या सीटवर वडिलांचे एक्स-रे आणि डॉक्टरांचे कागद होते. शेजारच्या पाइपाचं पाणी खिडकीतून आत उडायला लागलं. अण्णा तिकडे सांगायला गेले होते. त्याने आत हात घातला आणि काच वर केली.

"मला काय ठावं, ताई. गेल्या साली आमच्या चौकातल्या गॅरेजात एक पोरगं तसंच काम करत हुतं. मी सहज दाराला हात लावला, तर म्हणलं, काच हलवू नका, गाडी मरंल. तवापासनं मला झोप न्हाय. गाडी मी मारली, आन् शिव्या त्यांना दिल्या."

काय सांगू, मला त्या क्षणी आनंद झाला. शुद्ध आनंद. इतकी वर्षं तो माणूस आत स्टुलावर बसून स्वतःला खातोय, आणि खरं कारण इथे माझ्या बाकावर बसलंय! माझ्या तोंडून निघून गेलं, "अगंबाई, म्हणजे तुमच्या काचेनं झालं होय ते!" निघून गेल्यावर मी त्याच्याकडे बघितलं. त्याने नुसती मान हलवली. हातातला रिकामा ग्लास तो बाकाच्या कडेला ठेवायला गेला, तर तो खाली पडला.

आतलं काम झालं. अण्णांनी सावकाश किल्ली बंद केली, चिमटे काढले, लाल फडकं सोडून खांद्यावर टाकलं आणि बाहेर आले. दत्ता माने उठून उभा राहिला. वाकून पाया पडायला गेला, अण्णांनी त्याला दंडाला धरून वर ओढलं. त्याने मला सांगितलं ते सगळं पुन्हा सांगितलं. एक्स-रे, पाणी, काच. अण्णा ऐकत होते. मी अण्णांच्या तोंडाकडे बघत होते. आता सुटेल, आता चेहरा मोकळा होईल, म्हणून वाट बघत होते.

 अण्णा म्हणाले, "काच? काचेनं काय होतंय?"

दत्ता माने त्यांच्याकडे बघत राहिला.

"काचेचा मोटर एवढासा," अण्णा बोटांनी दाखवत म्हणाले. "त्याला करंट किती लागतो? काय न्हाय. ते पोरगं तुला उगी भ्या दाखवलं. गिऱ्हाईक लांब ऱ्हावं म्हणून आमी म्हणतो तसं. तुझ्या गाडीला मी चार्जर न्हाय लावलो. चार्जर पूजेत होता, मी उचललो न्हाय. म्हणून झाला ते. तू काच वर केलास, बरं केलास. कागद भिजले असते की."

दत्ता मानेला ते पटावं असं वाटत होतं, आणि पटत नव्हतं. तो वळून माझ्याकडे बघायला लागला. आत्ताच तर मी त्याला उलटं बोलले होते.

"ताई तर म्हणल्या..."

अण्णांनी माझ्याकडे बघितलं. ते बघणं मी विसरणार नाही. त्यात राग नव्हता. एखादा माणूस रांगेत पुढे जाऊ द्या म्हणून विनंती करतो, तसं होतं ते. माझ्या हातात एकदा मीटर दिला होता याच माणसाने. आकडा घसरताना मी माझ्या डोळ्यांनी बघितला होता. एका काचेपायी त्याने गावातल्या बड्या माणसावर आवाज चढवला होता.

"मला काय कळतंय त्यातलं?" मी म्हटलं. "मी काउंटरवरची बाई. ऐकीव गोष्टी बोलते. अण्णा म्हणतात तेच खरं."

दत्ता मानेने खांद्यावरच्या टॉवेलने तोंड पुसलं. बराच वेळ पुसत राहिला. मग बाकावर बसला आणि मोठ्याने रडला. अण्णा त्याच्या शेजारी बसले. वडील शेवटी शेवटी काय खात होते, उन्हात बसवत होता का, असं विचारत राहिले. दत्ताही सांगत होता. बाबांना बोलता येत नव्हतं, पण गाडीचा हॉर्न ऐकला की डावा हात वर करायचे, हेही त्याने सांगितलं. त्यावर अण्णा उठून टपरीवर चहा सांगायला गेले आणि नेहमीपेक्षा उशिरा परत आले.

त्या संध्याकाळी मी अण्णांशी भांडले. दुसरं काय येतं मला? म्हटलं, देवाने दार उघडून दिलं होतं, आणि तुम्ही ते लोटून घेतलंत. खोटं बोललात. जन्मात कधी गाडीबद्दल खोटं बोलला नाहीत आणि आज बोललात, आणि मलाही बोलायला लावलंत.

अण्णा लाल फडक्याची घडी घालत होते. घडी मनासारखी झाली नाही म्हणून मोडून पुन्हा घातली.

"चार्जर लावला असतो तर काचेनं काय झालं असता, अक्का? काय न्हाय. मग खोटं कुटं बोललो?" मग म्हणाले, "आन् मी टेंभुर्णीला जातो, चहा पितो, परत येतो. त्याला परत कुटं यायचंय? त्याला त्याच घरात ऱ्हायचंय."

मी काउंटरवर जाऊन बिलं लावत बसले.  गॅरेजमधल्या पुरुषांसमोर मी रडत नाही.

त्या दिवाळीत अण्णा मुलीकडे गेले, वरंगलला. पाठ दुखते, आता स्टुलावर बसवत नाही म्हणाले. त्या दिवशी माझी सुट्टी होती, त्यामुळे निरोप घेता आला नाही. त्यांच्या बायकोचा फोन येतो अधूनमधून. अण्णा कुठे आहेत म्हणून मी विचारते आणि ती हसून तेलुगूत सांगते की कामात आहेत. कसलं काम ते मी विचारत नाही. स्टूल आहे अजून बोर्डापाशी. त्यावर आता कुणी बसत नाही, लोक डबे ठेवतात. ते दिसले की मी उचलून खाली ठेवते आणि वर दोन शब्द ऐकवते.

पण अण्णा म्हटलं की मला तो निरोप न घेतलेला दिवस आठवत नाही. मला दत्ता माने निघाला ती वेळ आठवते. चहा झाला होता. त्याने तीच गाडी आणली होती, अण्णांनी बॉनेटवर हात ठेवून ती ओळखली. चांगला चालतो का, विचारलं. चांगली चालती, अण्णा, तो म्हणाला. गाडीत बसला, किल्ली फिरवली, इंजिन एका दमात लागलं. येतो म्हणाला. एक डंपर धूळ उडवत गेला, आणि दत्ता मानेने सवयीने बटणाकडे बोट नेलं.

तिथेच थांबलं ते बोट. बटणाच्या वर, तसंच. त्याने अण्णांकडे बघितलं.

अण्णांनी हाताने खूण केली. कर की वर, धूळ येते.

काच वर जायला लागली. घुंऽऽ असा आवाज आला. अण्णा फाटकात उभे होते, खांद्यावर लाल फडकं. काच पार वर जाऊन टेकेपर्यंत ते तिच्याकडेच बघत होते. गाडी वळून रस्त्याला लागली, दिसेनाशी झाली, तरी त्यांचा एक हात मागे, फाटकाच्या खांबावरच्या दिव्याच्या प्लगवर दाबून धरलेला होता.